गुण घटले, क्रमांक सुधारला: एका बीएएमएस (आयुर्वेद पदवी) प्रवेशाचं प्रकरण

या प्रकरणातली मुलगी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील एसटीत वाहक, घरची दीड एकर कोरडवाहू, आई शिवणकाम करते. प्रवर्ग ओबीसी. २०२४ मध्ये बारावी आणि पहिली नीट, मग लातूरला रिपीटर बॅच, आणि २०२५ ला दुसरी नीट. मी तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. जूनपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे अशा घरांची ये-जा असते, कारण प्रवेशाची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस गावात सहसा सापडत नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

निकाल १४ जूनला लागला आणि वडिलांचा फोन आला. "सर, वर्ष पाण्यात गेलं. गेल्या साली चारशे एकतीस होते, आता तीनशे ब्याण्णव." लातूरची फी, मेस, खोलीभाडं सगळं त्या दोन आकड्यांच्या फरकात बुडालं, असा त्यांचा हिशोब. मुलगी मागे रडत होती, ते फोनवरही कळत होतं.

त्यांना मी गुणांऐवजी ऑल इंडिया रँक वाचून दाखवायला सांगितलं. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, दोन्ही गुणपत्रकं शेजारी ठेवली तेव्हा रँकचा आकडा निम्म्याहूनही कमी झालेला, म्हणजे मुलगी पुढे सरकलेली निघाली. ३९ गुण कमी पडूनही मुलगी लाखो मुलांच्या पुढे गेली होती.

२०२४ हे वर्षच वेगळं होतं. त्या साली ७२० पैकी ७२० घेणारे सुधारित निकालातसुद्धा १७ जण होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ वर गेली होती. २०२५ ला पर्यायी प्रश्न गेले, १८० च्या १८० सोडवणं आलं, वेळ २०० मिनिटांवरून १८० मिनिटांवर आला आणि भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना रडवलं. देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६, आणि खुल्या प्रवर्गाची रेषा उतरून १४४ वर. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण खाली येतात, पण कोण कोणाच्या पुढे हे काही बदलत नाही. प्रवेश याच क्रमाने होतात.

एवढं बोलणं मी पंधरा मिनिटांत उरकलं असतं, पण तोवर घरात एक गृहस्थ येऊन बसले होते. दूरच्या नात्यातले, "कन्सल्टन्सी" करणारे. त्यांच्या मोबाईलमध्ये २०२४ ची कट-ऑफची यादी होती, गुणांची, रँकची नव्हे. त्यांचं म्हणणं, गेल्या वर्षी अमुक कॉलेज ४२५ ला बंद झालं, तुमची पोरगी ३९२ ला, म्हणजे कॅपमधून (शासनाच्या प्रवेशफेऱ्यांतून) काही लागत नाही. एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंटची जागा आहे, पन्नास हजार टोकन द्या, नंतर जागा राहणार नाही.

या प्रकरणात सगळ्यात महागात पडू शकला असता तो हाच क्षण, आणि दरवर्षी जूनमध्ये तो कुठल्या ना कुठल्या घरात येतोच. त्या यादीतले आकडे खोटे नव्हते. फक्त ते दुसऱ्या वर्षाचे होते आणि चुकीच्या मापात होते. वडिलांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, संस्थात्मक कोट्याची, म्हणजे मॅनेजमेंटची जागा घ्यायची तरी ती नीटच्या पात्रतेवर आणि ठरलेल्या प्रक्रियेतूनच मिळते, जूनमध्ये टोकन घेऊन कुणीही ती राखून ठेवू शकत नाही. दुसरी गोष्ट पैशाची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत गेली. म्हणजे टोकन देऊन ते जागा तर विकत घेणार होतेच, वर हक्काची माफीही सोडून देणार होते.

वडील गप्प झाले. मग म्हणाले, "हे त्यांनी सांगितलं नाही." सांगणारच कशाला?

पात्रतेचं गणित तसं सोपं आहे, तरी त्यात माणसं अडकतात. आयुर्वेदाच्या पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. इंग्रजी हवं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पुरी हवीत. आणि नीटमध्ये खुल्यांना ५० वा, राखीव प्रवर्गांना ४० वा पर्सेंटाइल, म्हणजे बसलेल्यांपैकी तितके टक्के मुलं आपल्या मागे हवीत. २०२५ ला ओबीसी, एससी, एसटीची ही रेषा ११३ गुणांवर होती. पण रेषा ओलांडणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक मुलं बसली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. "क्वालिफाय झाली" म्हणून पेढे वाटणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना ऑगस्टमध्ये समजावणं जूनपेक्षा जड जातं.

मुलीचे बारावीचे गुण पुरेसे होते. घोळ निघाला कागदांत. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आम्ही अकरावीतच महाविद्यालयामार्फत भरून घेतला होता, तो कागद हातात होता. दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचं एक अक्षर आधारपेक्षा वेगळं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र केलं. मधल्या गॅप वर्षासाठी आणखी एक. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत मात्र ३१ मार्च २०२५ ला संपली होती. राज्याच्या प्रक्रियेला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं हवं होतं. शिवाय तिला अखिल भारतीय कोट्यातही अर्ज करायचा होता. शासकीय आणि अनुदानित आयुर्वेद कॉलेजांतल्या १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राची आयुष प्रवेश समिती भरते, तिची नोंदणी स्वतंत्र, आणि तिथं ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षात काढलेलं लागतं. राज्याचा नमुना तिथं चालत नाही. सेतू केंद्रातल्या पोराने "एकच काढा, दोन्हीकडे चालतं" असं छातीठोक सांगितलं होतं. आम्ही दोन्ही काढले. निकालानंतरच्या गर्दीत तहसीलला जावं लागू नये, म्हणून ही कामं एप्रिलमध्ये उरकून घ्या, असं मी वर्गात ओरडून सांगतो. ऐकतात ते थोडे.

आता पदवी कोणती. घरात जितकी तोंडं तितकी मतं. मामांचा जोर बीएस्सी नर्सिंगवर, कारण सरकारी भरती. पण नर्सिंगची राज्याची सीईटी वेगळी असते आणि तिचा अर्जच भरला नव्हता, त्यामुळे तो विषय संपला. पशुवैद्यकीचा अर्ज नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रक्रियेत भरला, यादीत नाव आलं नाही. तिसऱ्यांदा नीट देण्याबद्दल ती स्वतःच ठाम होती. नको. माझंही मत तेच. दुसऱ्या प्रयत्नात मूल कुठवर पोचतं ते दिसतं. तिसऱ्यात बहुतेक वेळा मूल थकतं आणि घर कर्जात जातं.

फिजिओथेरपीचा विचार बराच झाला. अभ्यासक्रम तेव्हा साडेचार वर्षांचा, काम स्वच्छ, शहरात मागणी. तिला एक अडचण वाटली, ती तिने स्पष्ट सांगितली: "सर, पेशंटला काय झालंय हे दुसऱ्या कुणी ठरवून मग माझ्याकडे पाठवायचं, हे मला नको." फिजिओथेरपिस्टांना हे वर्णन पटणार नाही, आणि ते बरोबरही नाही. पण तिला काय हवंय ते त्यातून कळलं. आजारी माणूस आधी आपल्यापुढे येऊन बसावा.

राहिले बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि बीएएमएस (आयुर्वेद). दोन्ही साडेपाच वर्षांचे, दोन्हींना नीट. होमिओपॅथीच्या बाजूने फी आणि सोपा प्रवेश. पण त्याच वर्षी, सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद करायची की नाही, यावरून दोन्ही बाजूंची आंदोलनं पेटली होती. अठरा वर्षांच्या मुलीने असल्या वादाच्या भरवशावर पदवी निवडू नये. होमिओपॅथीच करायची आवड असेल तर गोष्ट वेगळी. तिला ती नव्हती.

पण मग आयुर्वेदाची आवड होती का? हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. "एमबीबीएस नाही तर बीएएमएस" एवढंच चालू होतं. मी तिला अभ्यासक्रम पुढे ठेवला. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी दीड-दीड वर्षाचे तीन टप्पे आणि मग एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). पहिल्या दीड वर्षात पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, आयुर्वेदाची मूलतत्त्वं), संस्कृत, क्रियाशारीर (शरीराचं कार्य), रचनाशारीर (शरीररचना) आणि संहिता (मूळ ग्रंथ). दुसऱ्यात द्रव्यगुण (औषधी द्रव्यं), रसशास्त्र व भैषज्यकल्पना (औषधं बनवणं), रोगनिदान, अगदतंत्र (विषं आणि त्यांवरचे उपचार), स्वस्थवृत्त (आरोग्य राखणं). कायचिकित्सा (औषधोपचार), पंचकर्म, शल्य (शस्त्रक्रिया), शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा), प्रसूती, कौमारभृत्य (बालरोग) हे सगळं तिसऱ्यात. म्हणजे पहिल्या टप्प्यात शवविच्छेदनाच्या टेबलाइतकंच श्लोकांचं पाठांतर असतं, आणि ज्याला ते वेळेचा अपव्यय वाटतं त्याची पुढची चार वर्षं कुरकुरत जातात. तिला दहावीला पन्नास गुणांचं संस्कृत होतं. घरी आजीचा काढ्यांवर विश्वास होता, तिचा स्वतःचा फारसा नव्हता. "पण शिकून बघायला आवडेल, खरं किती नि खोटं किती ते," असं ती म्हणाली. मला हे उत्तर आवडलं. श्रद्धेने येणाऱ्यांपेक्षा असे विद्यार्थी टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

पदवीनंतर काय, हे दाखवायला मी तिला शेजारच्या उपकेंद्रात पाठवलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी बीएएमएस आहेत. महाराष्ट्रात या पदांवर बहुतांश बीएएमएसच डॉक्टर आहेत. ती दिवसभर तिथं बसली. सकाळी रक्तदाब-साखरेच्या रांगा, मग गरोदर बायकांच्या नोंदी, एक विंचू चावलेला मुलगा, त्याला प्राथमिक उपचार करून ग्रामीण रुग्णालयात रवाना केलं. दुपारनंतर टॅबवर ऑनलाइन माहिती भरणं, आणि नेटवर्क नाही म्हणून ती दोनदा भरणं. त्या डॉक्टर ताईंनी तिला पगाराबरोबर हेही सांगितलं की नोकरी कंत्राटी आहे. १०८ च्या रुग्णवाहिकांवर, शालेय आरोग्य तपासणीच्या पथकांत आणि खाजगी दवाखान्यांत रात्रपाळीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून हीच मंडळी दिसतात. एमडी-एमएस करायचं तर पुन्हा एक प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षं. ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याचा प्रश्न राज्याच्या कायद्यावर ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं आहे, आणि महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा व त्याखालच्या अधिसूचना त्याला आधार देतात. त्यावरचे वाद मिटलेले नाहीत. वडिलांना मी सांगितलं, तिच्या पाटीवर "डॉक्टर" असेल, पण पाटीखाली कुणीतरी अधूनमधून वाद घालेल. ते चालत असेल तरच पुढे जा.

ती संध्याकाळी परत आली ती ठरवूनच. बीएएमएस.

इथं बहुतेक घरं थांबतात आणि पसंतीयादीत जवळची कॉलेजं भराभर टाकतात. माझ्या मते पदवीइतकंच महत्त्व कॉलेजच्या रुग्णालयाला आहे. आयुर्वेद कॉलेजला स्वतःचं रुग्णालय लागतं, विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात खाटा आणि रोजचे रुग्ण लागतात, आणि त्यावर दरवर्षीची परवानगी अवलंबून असते. कागदावर ते सगळीकडेच असतं. म्हणून वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीने काही खाजगी कॉलेजं पाहून आलो.

एका ठिकाणी सकाळी साडेअकराला पोचलो. केसपेपरच्या खिडकीवर कुणी नव्हतं, पण रजिस्टरमध्ये त्या दिवसाचे आकडे तीन अंकी झाले होते. आंतररुग्ण विभागात गाद्यांवर चादरी कडक घडी मारून ठेवलेल्या, उशाला ना पाण्याची बाटली ना डबा. पंचकर्माच्या खोलीतली लाकडी द्रोणी (तेल-मालिशीचं टेबल) इतकी कोरडी की तिला तेल कधी लागलं असेल याची शंका यावी. वनौषधी उद्यानात पाट्या छान रंगवलेल्या, अडुळसा, शतावरी, निर्गुंडी, गुळवेल. पाट्यांच्या खाली बहुतेक ठिकाणी हराळी. मुलीने जाताना एकच प्रश्न एका आंतरवासिता करणाऱ्या मुलाला विचारला: "काल कॅज्युअल्टीला काय आलं होतं?" तो हसला आणि म्हणाला, "इथं?"

दुसरं कॉलेज जुनं. इमारतीचा रंग उडालेला, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. पण खिडकीसमोर रांग होती, त्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेले म्हातारे, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया. स्नेहनाच्या (तेल-मालिशीच्या) खोलीतून तिळाच्या तेलाचा उग्र वास जिन्यापर्यंत येत होता. कंबरदुखीच्या एका आजोबांनी आम्हाला विचारलं, "नंबर कितवा?" मूळव्याध आणि भगंदराच्या क्षारसूत्राचा (औषधी दोऱ्याच्या उपचाराचा) दिवस होता, आणि शल्याच्या ओपीडीत बाकड्यावर जागा नव्हती. मुलीने तोच प्रश्न तिथल्या दोन विद्यार्थिनींना विचारला. त्यांनी पाच मिनिटं सांगितलं, एकमेकींना तोडत.

वडिलांना पहिलं आवडलं होतं. स्वच्छ, नवीन, गेटवर वॉचमन, मुलींचं वसतिगृह आवारातच. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही आवडलं असतं. परतीच्या गाडीत मुलीनेच त्यांना सांगितलं, "पप्पा, तिथं पेशंटच नाही, मी शिकू कुणावर?" त्यांनी तिकिटाच्या मागे पहिल्या कॉलेजचं नाव लिहिलं आणि खोडलं.

मग पसंतीयादी. सगळ्यात वर शासकीय: वरळीचं पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव, जळगाव. लागणार नाहीत हे माहीत होतं, पण वर टाकल्याने काही जात नाही. त्याखाली जुनी अनुदानित: पुण्याचं टिळक आणि अष्टांग, नाशिकचं, अहिल्यानगरचं गुणे. मग पाहिलेली आणि चौकशी केलेली खाजगी. वैद्यकीय प्रवेशांतलं ७०:३० हे प्रादेशिक सूत्र २०२० मध्ये रद्द झालं, त्यामुळे मराठवाड्याच्या मुलीने मराठवाड्यातच अडकून राहण्याचं कारण उरलेलं नाही. नको असलेली कॉलेजं यादीतून पार काढली. "असू द्या, शेवटी टाकू" हा मोह वडिलांना झाला होता. पण यादीत शेवटी असलेलं कॉलेजसुद्धा लागू शकतं, आणि लागलं की ते आपण मागितलेलंच असतं.

एमबीबीएसची पहिली फेरी होऊन गेली तरी आयुषच्या कॉलेजांच्या परवानग्या येत होत्या, त्यामुळे जागांची यादी हलत राहिली. या थांबण्यात घरं खचतात आणि टोकनवाले पुन्हा फोन करतात. यांनाही केला. वडिलांनी या वेळी उचलला नाही.

पहिल्या फेरीत तिला यादीच्या मध्यावरचं, घरापासून लांबचं एक खाजगी कॉलेज लागलं. जाऊन प्रवेश घेतला. स्टेटस रिटेन्शनचा अर्ज मात्र भरला नाही. तो भरला की आहे ती जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. नाही भरला तर पुढच्या फेरीत वरची पसंती लागू शकते; पण ती लागली की आधीची जागा आपोआप रद्द, मागे फिरता येत नाही. वडिलांची झोप उडाली. हातातली सोडून पळती धरायची? तर तसं नसतं. वरची लागली तरच हातातली जाते, नाहीतर ती आहे तिथं राहते. धोका एकच: वरच्या पसंतीत असं काही टाकलेलं असेल जे हातातल्यापेक्षा खरं तर बरं नाही. दुसऱ्या फेरीआधी आम्ही यादी पुन्हा तपासली आणि हातातल्या कॉलेजपेक्षा वर ठेवलेलं एक नाव काढून टाकलं, कारण तिथल्या मुलींशी फोनवर बोलल्यावर रुग्णालयाचं चित्र बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत ते रंग उडालेलं जुनं कॉलेज लागलं. तिथं रिटेन्शन भरलं. अखिल भारतीय कोट्यात काही लागलं नाही.

प्रवेशाच्या खिडकीवर शेवटची चकमक झाली. कारकून म्हणाले पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल. वडिलांकडे शासन निर्णयाची प्रत आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला होता. आवाज न चढवता, एसटीत सुट्या पैशांवरून वाद झाल्यावर वाहक बोलतो त्याच सुरात त्यांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला. कारकून आत गेले, बाहेर आले, आणि विकास शुल्क व अनामत एवढीच पावती फाडली. या दोन रकमा माफीत बसत नाहीत, त्या भराव्याच लागतात. महाडीबीटीवरचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज त्याच आठवड्यात भरला, आणि तो दरवर्षी नव्याने करावा लागेल हे तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं. वसतिगृह आणि मेसचे पैसे मात्र घरूनच. त्यासाठी वडिलांनी एसटीच्या पतपेढीतून कर्ज काढलं आहे, आणि त्याचा हप्ता तिच्या आंतरवासितेपर्यंत चालेल.